थाळीचा एक ठोका

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या, मी भांडणार नाही. ज्यांच्याशी भांडायचं होतं त्यांना हेच सगळं मी लिहून, खाली सही करून दिलंय.

तारीख अकरा जानेवारी. सकाळी पावणेआठ. रात्र नाही, अमावास्या नाही, काही नाही. चांगला चहा पिऊन, जागा होऊन गेलो होतो.

ठिकाण म्हणजे बेलहा ताल. ताल म्हणजे तळं. बनारसपासून मोटरसायकलने एक तास. नाव बदललंय, शोधत बसू नका.

मी देवव्रत. आम्ही ब्रह्मा घाटावरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली. नकाशे बनवायला मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवय पण नाही.

मी नोकरीला होतो त्या विश्वजीत भैयाच्या एजन्सीला काम मिळालं होतं. तालाचा नकाशा करायचा आणि एक बोर्ड लिहायचा. इतिहास, भूगोल, खोली, क्षेत्रफळ, कोणते पक्षी येतात वगैरे. म्हणजे पर्यटक येणार, बोर्डासमोर फोटो काढणार.

भूगोल सोपा होता. गंगा कधीतरी तिथून वाहायची. मग तिने वाट बदलली आणि वाकडा तुकडा मागे राहिला, कोयरीसारखा. तोच ताल. उत्तरेला बेलहा गाव, दक्षिणेला शेतं, पूर्वेला केवटांची वस्ती. बारा घरं. शिंगाडे लावतात, मासे धरतात.

आणि पश्चिमेला भिंत.

आठ फुटी भिंत, लोखंडी गेट, आत सपाट माती आणि प्लॉटचे पांढरे खुंट.

इतिहास अवघड होता. जुन्या कागदात लिहिलं होतं, ताल चौसष्ट बिघे. मी सगळा काठ चालून मोजला. त्रेचाळीस आले. दोनदा मोजलं. त्रेचाळीस. जुना नकाशा मागितला तर फाइलमध्ये ते पानच नव्हतं. आधीचं होतं, नंतरचं होतं.

एकवीस बिघे ताल कुठे गेला ते गावातल्या शेळीला पण माहीत होतं. भिंतीच्या आत. दहा वर्षांपूर्वी ट्रकने माती आणून टाकली.

मी विश्वजीत भैयाला फोन केला.

"देवा, चौसष्ट पूर्ण कर," तो म्हणाला.

"कुठून करू?"

"पूर्वेकडून घे ना. तिकडे काय आहे? झोपड्या."

"बारा घरं आहेत. ताल तिथे दाखवला तर ती घरं तालात येतील."

"मग आहेतच ती तालात. अतिक्रमण. तू फक्त रेघ ओढ गुरु, बाकीचं बघायला लोक आहेत."

रेघ ओढली की नोटीस. नोटीस आली की बुलडोझर. एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, उद्या राहिलेली खोली मोजतो, मग बघू.

माझी नाव चालवायचे श्रीराम चाचा. त्याच वस्तीतले, पन्नाशीचे. बोलणं भोजपुरी, मी माझ्या मराठीत लिहितोय. त्या सकाळी नावेत बसता बसता त्यांनी विचारलं, "बाबू, तुझ्या मोबाइलमध्ये माझं घर पाण्यात आहे का?"

मी म्हटलं, "अजून नाही."

ते हसले. "अजून म्हणालास. चांगला मुलगा आहेस."

कोहरा एवढा होता की नावेतून काठ दिसेना. तुम्ही धुकं म्हणता. ते वेगळं. आमच्याकडे जानेवारीत आपलाच हात लांब केला की बोटं फिकट होतात.

अशा वेळी केवटांची एक पद्धत आहे. नाव तालात असेपर्यंत घरातलं कोणीतरी काठावर उभं राहून पितळी थाळी वाजवतं. घरात जितकी माणसं वाट बघतायत तितके ठोके. मग थांबायचं, मग परत तितकेच. आपली थाळी ओळखून नाव घरी येते. आणि नाव काठाला टेकली की थाळी थांबते. त्याआधी नाही.

श्रीराम चाचांच्या घरी तिघं. बायको अंबिका चाची, सून, नातू. म्हणून तीन ठोके.

आम्ही निघालो. मागे टण टण टण... थोडं थांबून परत टण टण टण...

मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात. नाव जाईल तशी रेघ नकाशावर उमटत होती. खोली मोजायला फुटांचे लाल पट्टे मारलेला बांबू. मी मोजायचो, वहीत लिहायचो.

चार फूट.

पाच.

साडेपाच.

अर्धा तास असा गेला. चाची मागे वाजवतच होत्या. बदकं ओरडत होती. चाचा मला चिडवत होते, "ब्राह्मणाचं पोर चिखल मोजतंय, आईला सांगितलंस का?"

मग बदकं थांबली.

एकदम. कुणी तोंडावर हात ठेवावा तशी.

मी कान देऊन ऐकलं. तीन ठोके... आले नाहीत.

"चाची दमल्या वाटतं," मी म्हटलं.

चाचांनी नाव थांबवली. लग्गी पाण्यात तशीच धरून उभे. लग्गी म्हणजे नाव ढकलायचा लांब बांबू.

मग समोरून...

टण.

एकच.

मी मोजले दहा श्वास. परत...

टण.

"ही कुणाची थाळी?" मी विचारलं.

"कुणाची नाही."

"समोर पश्चिम आहे ना? तिकडे तर भिंत आहे."

"बाबू, मागे जाऊ."

"चाचा, कुणाची आहे ते सांगा."

त्यांनी लग्गीवर दोन्ही हात घट्ट केले. "पश्चिमेला एक घर होतं. कालिंदी काकीचं. नवरा कोहऱ्यात गेला, आला नाही. पोरंबाळं नाहीत. एकटी वाट बघायची, म्हणून एक ठोका. तीस वर्षं वाजवली."

"मग?"

"मग माती टाकायला ट्रक आले. तेव्हा घरात कोणी नव्हतं असं कागदावर आहे."

"आणि खरं?"

"मी त्या दिवशी बाजारात होतो," चाचा म्हणाले. आणि दुसरीकडे बघायला लागले.

आता खरं सांगतो. मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. आठ दिवस ज्याला विचारावं तो बाजारात होता. पान गायब, माणूस बाजारात. सगळ्यांना सगळं माहीत आणि लिहायला कोणी नाही.

मी म्हटलं, "चला पुढे. भिंतीला नाव लागेल, तिथली खोली घेतो आणि परत फिरू."

"लागणार नाही भिंत," चाचा हळूच म्हणाले.

पण त्यांनी लग्गी मारली. का मारली, त्यांना पण सांगता येत नाही.

सात फूट.

नऊ.

टण...

अकरा. तालात अकरा फूट कुठेच नाही, गेल्या सात दिवसांत मी सगळा पालथा घातला होता.

पुढच्या वेळी बांबू पूर्ण आत गेला. तळ लागला नाही. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि पाणी... कोमट.

भिंत यायला हवी होती. आली नाही. मी मोबाइलकडे बघितलं नाही. मुद्दाम.

टण.

आता दहा हातांवर. पितळेचा आवाज ठोक्यानंतर घुमत राहतो ना, तो पण ऐकू येत होता. आणि थाळी वाजवायची काठी उचलताना बांगडी वाजते, ती पण.

नावेचं नाक कशाला तरी टेकलं. मऊ.

थाळी थांबली.

मला आधी बरं वाटलं. मग कळलं थाळी का थांबली ते. चाचांना आधीच कळलं होतं. ते पुटपुटले, "तिला वाटतंय, आला."

नावेच्या टोकाला दोराचं वेटोळं पडलं होतं. ते सुटायला लागलं. सावकाश. एक वेढा... दुसरा... कोहऱ्यात कोणीतरी दोर ओढून घेत होतं. घाई नाही. रोजचं काम असल्यासारखं.

दोर ताणला. नाव बांधली गेली.

चाचांनी लग्गीवर सगळं वजन टाकलं. नाव तसूभर हलली नाही.

कोहऱ्यात कोणी दिसलं का? नाही. श्वास ऐकू आला का? हो.

माझ्या तोंडून मराठी निघाली. बाहेरच्या माणसाशी मी आयुष्यात मराठी बोललो नाही, पण घाबरल्यावर तीच निघाली. मी म्हटलं, "काकी, आम्ही तुमचे नाही. ते नाही आले. पण तुमचं घर इथे होतं, पाणी इथपर्यंत होतं, हे मी लिहून घेतो. माझ्या नावाने लिहितो. आता सोडा."

आणि खरंच वही काढून लिहिलं. हात ओला होता, शाई एवढी पसरली की ते पान आजही मलाच नीट वाचता येत नाही. पश्चिम काठ. कालिंदीचं घर. वेळ आठ पंचावन्न.

बराच वेळ काही झालं नाही.

मग दोर सैल पडला.

आम्ही नाव वळवली. निम्म्या वाटेत टण टण टण ऐकू आलं आणि चाचा रडायला लागले. काठावर अंबिका चाची चिडलेल्या. "हात तुटला माझा. एकदा पण थांबले नाही मी. कुठे मेला होतात दोघं?"

एकदा पण थांबल्या नव्हत्या.

दोर बघितला. चार हात कमी. कापलेला नाही, तुटलेला नाही. नुसता कमी.

अकरा वाजता ऊन पडलं. पश्चिमेला भिंत, गेट, खुंट, कोरडी माती. खुंटावर कुणाचं तरी स्वेटर वाळत होतं. मोबाइलमधली रेघ भिंतीतून आरपार गेली होती. आत एकशे सत्तर मीटर. तिथे थांबली, वळली, परत आली. मोबाइल चुकतो तेव्हा रेघ नाकतोड्यासारखी उड्या मारते, मी हजार वेळा बघितलंय. ही तशी नव्हती. नाव जाते तशी होती.

मी ते टोक धरून पश्चिमेचा काठ काढला आणि क्षेत्रफळ बघितलं.

चौसष्ट बिघे. जेमतेम, पण चौसष्ट.

विश्वजीत भैयाने ऑफिसात नकाशा बघितला आणि आधी हसला.

"भिंतीतून नाव नेलीस?"

"हो."

"मग मला पण शिकव. परवा गेटची चावी हरवली होती त्यांची, बोलावलं असतं तुला."

मी नकाशा परत त्याच्यासमोर सरकवला. मग त्याचं हसणं गेलं. "देवा, मोबाइल बिघडला होता. रेघ काढ, पूर्वेकडून घे, विषय संपव."

"नाही काढणार."

"नोकरी करायची आहे ना?"

"तुमच्याकडे नाही."

घरी आईला सांगितलं. आई, म्हणजे शरदिनी, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या शाळेत शिकवते. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "तहसीलला लिहून द्यायचं तर दे, पण नाव घालू नकोस रे. निनावी दे."

"निनावी सगळेच आहेत आई. म्हणून तर पान गायब होतं."

ती रात्री जेवली नाही. पण सकाळी माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता.

तहसीलला अर्ज दिला. नकाशा, रेघ, खोलीचे आकडे, वहीचं ते पान. मार्चमध्ये सुनावणी झाली. भिंतवाल्यांचा वकील खूप गोड बोलणारा. "म्हणजे तुम्ही कोरड्या जमिनीवर नाव चालवली?"

"मी होतो तेव्हा पाणी होतं."

मागे कोणीतरी खिदळलं.

"साक्षीदार?"

श्रीराम चाचा उभे राहिले. यावेळी बाजारात नव्हते. वकील म्हणाला, यांचंच घर वादात आहे, यांची साक्ष कशी धरणार?

तहसीलदार साहेबांनी मला विचारलं, "आणखी कोणी होतं तिथे?"

मी चाचांकडे बघितलं. चाचांनी मान हलवून नको म्हटलं.

मी म्हटलं, "होतं." आणि साक्षीदारांच्या रकान्यात लिहिलं. कालिंदी, पश्चिम काठ, बेलहा ताल.

खोटं लिहिलं का? तुम्हीच सांगा. मला तरी वाटत नाही.

कालिंदी कोण ते साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी तारीख दिली, साक्षीदारांना नोटीस काढा म्हणाले, आणि तोपर्यंत वस्तीला हात लावायचा नाही असा आदेश दिला. बारा घरं आज उभी आहेत. तेवढ्यासाठी मला वेडा म्हणा, चालेल.

नोटीस परत येईल, पत्त्यावर कोणी नाही असं लिहून, हे मी धरूनच चाललो होतो.

गेल्या सोमवारी तहसीलला चौकशीला गेलो. तिथल्या कारकून बाबूने फाइल काढली. नोटीस पोचल्याची पावती लावलेली होती. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

नोटीस नेणारा शिपाई तिथेच बिडी ओढत बसला होता. मी विचारलं, कुणाला दिलीस?

"लिहिलंय त्या बाईला. गेटच्या आत बसली होती. अंगठा तीनदा घ्यावा लागला, सारखा पुसला जायचा. एवढं ऊन आणि हात ओलेगच्च."

"काही बोलली?"

"विचारत होती, तारखेला तो मुलगा पण असेल ना, जो लिहून घेऊन गेला?"

सुनावणी येत्या गुरुवारी आहे. आई म्हणते जाऊ नकोस, चाचा म्हणतात जाऊ नकोस. विश्वजीत भैयाने पण माणूस पाठवून तेच सांगितलं.

झोप लागत नाही, हे खरं आहे.

पण मी जाणार.