लाल वगळून

भाचीचं काम कुणालाही सांगितलं तर हसू यावं असं होतं. एक बाई कपबश्या विकायची आणि तिच्या ब्लॉगवरचे फोटो भाचीनं ब्रँडच्या रंगांत बसवायचे. वाळू, राख, धुकं, शेवाळ आणि चुना, एवढेच रंग. "लाल कुठंही दिसता कामा नये," बाईनं फोनवर बजावलं होतं. "लाल फार बोलतो."

फोटो घरातच निघत, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. कप धरायला आत्याचे हात. गुबगुबीत, तळवे असे गुलाबी की आत्या आत्ताच टाळ्या पिटून आली असावी. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात," आत्या म्हणायची, "माझ्या हातांचं मात्र जगभर कौतुक. तोंड तेवढं कुणी मागत नाही मेलं."

सुरुवात किटलीपासून झाली. फोटोच्या कोपऱ्यात लाल किटली डोकावत होती, भाचीनं कॉम्प्युटरवर तिला राखेचा रंग दिला. मग पाणी तापवायला उठली, तर शेगडीवर राखेच्या रंगाची किटली.

"आत्या, लाल किटली कुठं गेली?"

"लाल? आपल्याकडे लाल किटली होती कधी? दिवसभर त्या डबड्यात डोळे घालून बसतेस, दुसरं काय होणार."

भाचीनं नखानं खरवडून पाहिलं. खालीही राखच.

डोळे शिणले असतील, असं म्हणून तिनं पाण्याचे हबके मारले. शहाणी मुलगी, भुताखेतांना उभं न करणारी. पण पुढच्या फोटोत खिडकीबाहेरचं शेजाऱ्याचं लाल छप्पर शेवाळी केलं आणि मान वळवली, तर बाहेर छप्पर शेवाळी. त्यावर कबुतरं बसलेली, जणू त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून ते तसंच होतं.

तेव्हापासून तिचं बूड खुर्चीवर टिकेना. उठे, कपाटातल्या पुस्तकांच्या लाल पाठी अजून लालच आहेत ना ते तपासे, पुन्हा बसे. अशा घालमेलीतच चूक झाली. ठरलेले रंग सगळ्या फोटोला एका झटक्यात लावता येतात, फक्त त्याआधी माणसाची कातडी वगळायची असते. ती वगळायला भाची विसरली. वर मूळ फोटोवरच सेव्ह करून, तो बाईला पाठवून मोकळी झाली.

लक्षात आलं तशी ती धावत स्वयंपाकघरात गेली. आत्या सफरचंद चिरत होती. मनगटापर्यंत हात भिंतीच्या चुन्यासारखे, हातमोजे चढवल्यागत. फोटोत मनगटापर्यंतच आले होते ते. वर आत्याचा नेहमीचा गहूवर्ण.

"हात... गार पडलेत का गं?"

"छे. उलट आज कसं शांत वाटतंय त्यांना."

त्यांना, म्हणाली.

बोलता बोलता सुरी निसटली, बोटाला चीर पडली. वाळूच्या रंगाचा एक थेंब फळीवर पडला. आत्यानं फडक्यानं तो पुसला आणि पुढची फोड चिरली.

भाची कॉम्प्युटरवर तुटून पडली. मागं फिरवायची सोय फाइल बंद केली तेव्हाच गेली होती. लाल वाढवून पाहिला, पडद्यावर हात विटेसारखे झाले, तसा तो बदल सेव्ह न करताच टाकून दिला. खरा गुलाबी कसा होता, हेच आठवेना. शेवटी तिनं स्वतःचाच फोटो काढला. एका घरचं रक्त, आपल्या गालाचा रंग उचलून आत्याच्या हातांना द्यावा. फोटो पडद्यावर उघडला, तोच बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

ब्रँडवाली बाई होती. "हात अगदी आमचे वाटतात हो. आता घरातली तोंडंही येऊ देत की."

भाचीनं फोन ठेवला.

परत आली तर खुर्चीवर आत्या.

आत्याला साधा फोन बंद करता येत नसे. त्या पांढुरक्या हातांना मात्र सगळं ठाऊक होतं. ते भराभर चालत होते. आत्या त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती.

पडद्यावर भाचीचा चेहरा.

"आत्या, ऊठ. हात लावू नकोस."

"किती लाल झालीयेस गं," आत्या म्हणाली. "चारचौघांत कसं दिसतं ते? थांब, तेवढं नीट करते."

"आत्या, कातडी वगळ आधी. वगळ म्हणते ना."

बटण टिचकन वाजलं.

आत्यानं मान वळवून तिला खालीवर न्याहाळलं, आणि नेहमीच्याच मायेनं विचारलं, "दुखलं नाही ना गं?"