रविवारनंतरचा हिरवा

"दार लावा आधी. कोण आहात ते मग सांगा."

आवाज अंधारातून आला. त्याने मुकाट्याने दार लावलं आणि सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूबलाइट फडफडत लागली. खोलीच्या मधोमध एका काळ्या पेटीत डोकं घालून बसलेली मुलगी सावकाश मागे वळली आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण या खोलीतच काय, या जगातच न विचारता आलो, असं त्याला वाटून गेलं.

"चुकलं. बंद करू?"

"आता कशाला? इतका वेळ डोळे सरावले होते अंधाराला. उडाला माझा रंग."

"कुठे?"

"तुमच्या केसांवर."

त्याने खरोखरच केसांवरून हात फिरवला आणि तळहात उलटसुलट करून पाहिला. ती हसू दाबत पुन्हा पेटीकडे वळली. माणूस पारखताना पहिली नोंद महत्त्वाची असते, आणि ती तिने तिथल्या तिथे मनात करून ठेवली — याला काहीही सांगा, हा ते खरं मानतो.

रंगाच्या कारखान्यातली ती शेडची, म्हणजे छटा जुळवायची खोली. गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाच्या चिंधीचा, फुटक्या कपाचा नाहीतर नुसत्या वर्णनाचा रंग डब्यात उतरवायचा, हे तिचं काम. तिची नजर एवढी तेज, की सगळे तिला घार म्हणत, तेही तोंडावर. तो बाहेरच्या कंपनीकडून यायचा. आजवर बनलेल्या प्रत्येक रंगाची कृती कारखान्याच्या डेटाबेसमध्ये होती. त्याची दर रविवारी आपोआप एक प्रत निघायची, आणि वेळ पडली तर ती प्रत उघडते का, हे तो सोमवारी येऊन बघायचा. लोक त्याला बॅकअपवाले म्हणत. रुबाबदार नाव नव्हतं, पण त्याने कधी हरकत घेतली नाही.

सोमवार सहसा कुणाला आवडत नाही. घारीला आवडायला लागला.

"सोमवारचं काय असतं गं तुझ्या ऑफिसात?" आई विचारायची. "केस धुतेस, तो बरा कुडता काढतेस..."

"तपासणी असते."

"कुणाची?"

तोवर घार डबा उचलून निघालेली असायची.

तो तिच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून बसायचा. बोटं लांब, बोलणं आखूड. तिने खोड काढावी आणि त्याने ती सरळ समजून उत्तर द्यावं, असा त्यांचा व्यवहार.

"बरंय तुमचं. कालचं तेवढं जपायचं. आजचं काय?"

"आजचं रविवारी जपलं जातं."

"आणि तोवर?"

"तोवर... तुमच्या भरवशावर."

तिने पटकन पेटीत डोकं घातलं. अंधारात गाल कुणाला दिसत नाहीत, ही त्या पेटीची एक सोय होती.

एकदा त्याने आपली पद्धत सांगितली. जुनी प्रत चालू साठ्यावर तो कधीच चढवत नसे. दुसऱ्या नावाने शेजारी उघडायची, हवं तेवढं उचलायचं, मग मिटवून टाकायची.

"फारच जपून वागता हो. सगळ्याच बाबतीत?"

"म्हणजे कुठल्या?"

"काही नाही. उघडा तुमची प्रत."

त्या खोलीवर तेव्हा गदा आलेली होती. मुख्य ऑफिसचं म्हणणं, रंगांच्या कृती आता वरूनच तयार येतील, मग शेडची खोली हवी कशाला? खोलीचे प्रमुख होते काका. नात्याने कुणाचेच नाहीत, हाकेने सगळ्यांचे. निवृत्तीपर्यंत ही खोली टिकावी एवढीच त्यांची इच्छा, आणि घारीला तर दुसरं कुठलं कामच येत नव्हतं. अशात एका मोठ्या दवाखान्याची मागणी आली. वॉर्डांच्या भिंतींना असा हिरवा हवा, की त्या भिंतीपुढे आजारी माणूस आणखी आजारी दिसू नये. दिवसा नाही, दिव्यातही नाही. हे जमलं तर खोली राहणार होती.

सांगायला सोपं. पण रंग मोठे लबाड असतात. खिडकीपाशी सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन छटा ट्यूबलाइटखाली एकमेकींना ओळख देत नाहीत. घारीने थेंब थेंब घालून, पत्रे रंगवून, वाळवून, पुन्हा पेटीतल्या वेगवेगळ्या दिव्यांखाली धरून तो हिरवा शोधला. तिचा वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलेला. पडला थेंब की झाली नोंद. कागदावर लिहायची पद्धत केव्हाच बंद झाली होती. बुधवारी तो रंग हाती लागला. गुरुवारी दवाखान्याची माणसं आली, पत्र्यापुढे आपला हात धरून उभी राहिली, आणि हो म्हणून गेली. काकांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

शुक्रवारी त्याच आनंदात काका जुन्या नोंदी साफ करायला बसले आणि फर्निचरच्या सगळ्या छटा पुसून बसले.

खाली फर्निचरच्याच रंगाचा घाणा लागायचा होता. सुपरवायझर दारात येऊन उभा, आणि काका खाली घाण्यावरच्या माणसांची समजूत घालायला गेलेले. फोन गेला, आणि सोमवार नसतानाही बॅकअपवाले आले... पावसात भिजून, शिंकत.

"डिस्कवर जागा नाही," तो म्हणाला. "शेजारी उघडायचं तर आधी जागा करावी लागेल. वेळ जाईल."

"घाणा थांबलाय माझा," दारातून सुपरवायझर म्हणाला. "माणसं हातावर हात धरून बसलीत."

"मग सरळ चढवा ना त्यावरच," घार म्हणाली. गेलेली पुस्तकं फळीवर परत लावावीत, तसं काहीसं तिला वाटत होतं. सगळं कपाटच उचलून त्या जागी जुनं कपाट ठेवतात, हे तिच्या ध्यानात नव्हतं. खरं तर तिच्या ध्यानात तेव्हा काहीच नव्हतं. त्याच्या कानामागून पाण्याचा एक ओघळ कॉलरकडे चालला होता, आणि तो पुसायला आपल्याला काय नात्याने जाता येईल, याचा ती विचार करत होती.

स्क्रीनवर प्रश्न आला. आधीचं सगळं जाईल, चालेल का? त्याने बोट थांबवलं.

"रविवारनंतर नवीन काही टाकलंय का तुम्ही?"

"मी?" ती हसली. "मी या आठवड्यात तुमची वाट बघण्यापलीकडे काही केलेलं नाही."

तो लाल झाला. कानापर्यंत. आणि त्याने बटण दाबलं.

फर्निचरच्या छटा आल्या. सुपरवायझर गेला. काकांनी वर येऊन चहा मागवला. घार त्याला म्हणाली, "या, एक गंमत दाखवते. माझा हिरवा बघितला नाहीत ना अजून?" तिने यादी खाली सरकवली. आणखी खाली... यादी रविवारपाशी संपली होती.

तिने पुन्हा वरून सुरुवात केली. तो मागे उभा होता. त्याला कळलं ते तिच्या आधी.

"प्रत आहे ना तुमच्याकडे?" तिने न वळता विचारलं.

"रविवारचीच," तो म्हणाला. पहिल्यांदाच तिला वाटलं, याने काहीतरी खोटं बोलावं.

सोमवारी कारखान्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. साहेब ओरडणारे नव्हते, म्हणून जास्त वाईट.

"चढवण्याआधी विचारलं होतंत?"

"विचारलं होतं."

"काय उत्तर मिळालं?"

तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. काका खोकले. भिंतीवरचा पंखा टकटक करत फिरत होता. हा काही सांगणार नाही, हे घारीला समजलं. सगळं स्वतःच्या पदरात घेऊन हा चालता होईल.

"मी सांगते," ती म्हणाली. "मी म्हणाले... की या आठवड्यात मी यांची वाट बघण्यापलीकडे काही केलेलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, त्यांना कळेना.

"आणि तुम्ही काय समजलात?"

"मी..." तो म्हणाला, "खरं समजलो."

"थट्टा होती हो ती," काका मध्ये पडले. "पोरीची जीभच तशी आहे. थट्टा होती, नाही का गं?"

हो म्हटलं असतं तर निदान लाज वाचली असती. घारीने पंख्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कामापुरतं खोटं होतं," ती म्हणाली. "बाकी नव्हतं."

प्रेमाची कबुली लोक बागेत देतात, पुलावर देतात. घारीने ती चौकशीत दिली, दोन साक्षीदारांसमोर, आणि ती ऐकून कुणाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. त्याच्या तर मुळीच नाही. त्याने डोळे मिटले तेवढे. तेव्हाच, केबिनच्या त्या पिवळ्या उजेडात, तो तिला सगळ्यात जास्त आवडला.

त्याच्या कंपनीने त्याला तिथून काढलं आणि दूरच्या शाखेत धाडायचं ठरवलं. घारीला साहेबांनी मुदत दिली. पत्रा होता, रंग डोळ्यांसमोर होता. गेली होती ती त्या रंगाकडे जायची वाट. तिने पुन्हा थेंब मोजले. खिडकीपाशी जमलं, ट्यूबखाली फसलं. ट्यूबखाली जमलं, तर खिडकीपाशी भिंत शेवाळल्यासारखी. हात तेच, डोळा तोच. पण दर वेळी पेटीत डोकं घातलं की तिला आपलंच हसणं ऐकू यायचं — "मी?" — आणि तेवढ्यात छटा हलायची. मुदत संपली. दवाखान्याने दुसरीकडून रंग घेतला. खोलीला कुलूप लागलं त्या दिवशी काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आईने एवढंच विचारलं, "तो सोमवारचा... कसा आहे?"

"चांगला आहे," घार म्हणाली, आणि पोळी तव्यावर करपली.

तो जाणार होता त्या दुपारी ती बसथांब्यावर गेली. आभाळ भरून आलं होतं. छटा जुळवायला याहून चांगला उजेड नाही, असं तिच्या मनात आलं, आणि आता जुळवायचं काय, हेही. तो एका मोठ्या बॅगेपाशी उभा होता. जरा वाळला होता.

"तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"मलाही."

"तुमची खोली माझ्यामुळे गेली."

"तुम्ही विचारलं होतंत. मी नीट सांगितलं नाही."

"मी दोनदा विचारायला हवं होतं."

"दुसऱ्यांदा मी आणखी काहीतरी बोलले असते."

दोघं थोडं हसली. आणि मग ते हसणं कुठे ठेवावं, ते दोघांनाही कळेना.

"मी थांबू का?" तो म्हणाला. "नोकरीचं बघता येईल काहीतरी. तुम्ही म्हणत असाल तर... मी थांबतो."

तिला ठाऊक होतं, तो थांबेल. ती म्हणेल ते तो खरं मानेल. एवढी सत्ता तिला कुणावरही नको होती. तिने पहिल्यांदाच त्याच्याशी बोलताना शब्द तोलले, काट्यावर थेंब तोलावेत तसे.

"तुम्ही मला हवे आहात," ती म्हणाली. "हे कामापुरतं नाही, सगळंच खरं आहे. पण तुमच्याकडे बघितलं की मला ती रिकामी यादी दिसते. आज तुमच्याकडे बघवत नाही मला."

त्याने बॅगेचा बंद आवळून घेतला.

"कधीतरी बघवेल?"

"माहीत नाही. उगाच हो म्हणणार नाही."

"बरं," तो म्हणाला. रागाचा मागमूस नव्हता त्यात. असता तर तिला सोपं गेलं असतं.

बस आली. त्याने बॅग आधी चढवली, मग स्वतः. थांब्याच्या बाजूची खिडकी रिकामी होती, तिथेच बसला. तिला वाटलं, आता वळेल, हात हलवेल, मग आपल्यालाही हलवावा लागेल... पण त्याने मान पलीकडे वळवली आणि तशीच ठेवली. तिने म्हटलं होतं ना, बघवत नाही. तिला बघावं लागू नये, एवढी व्यवस्था तो जाता जाता करून चालला होता.

बस हलली. घार मात्र बस वळणापर्यंत जाईतो त्याच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत उभी राहिली.