उरण रस्त्यावरचे रविवार

रस्ता मोकळा होता, उतार होता, आणि नेमका मधोमध एक मनुष्य सायकल आडवी धरून उभा होता. हँडलवर त्याने भलामोठा कागद पसरला होता आणि त्यात तो पार बुडून गेला होता. रंभाने घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. मग मात्र ती ओरडलीच.

"ओ... बाजू व्हा! बाजूऽऽ!"

तो दचकला आणि तिच्याच अंगावर सरकला. रंभाने हँडल वळवलं, पाय घासत कशीबशी थांबली. मागे वळून पाहते, तर रस्त्यावर कुणीच नाही! बांधाखालच्या खाजणात, गुडघाभर चिखलात तो उभा होता. सायकल शेजारी आडवी झाली होती, आणि कागद मात्र त्याने डोक्यावर उंच धरला होता... कोरडाच्या कोरडा.

"एवढा रस्ता रिकामा," हसू दाबत ती म्हणाली, "आन् तुमाला चिखलच गावला?"

"घंटी वाजवायची होती."

"वाजवली की. तुमी कागदात होता."

तो वर आला, तिच्या सायकलीकडे पाहत राहिला. दांड्याची उंच सायकल, आणि त्यावर कासोटा घातलेली, नऊवारी नेसलेली मुलगी.

"ही पुरुषांची सायकल आहे," तो म्हणाला.

"तिला अजून कुनी सांगितलं नाय," रंभा म्हणाली, आणि पायडल मारून निघून गेली.

दिवस भातकापणीनंतरचे होते, साल छप्पन्न-सत्तावन्नच्या आसपासचं. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा सकाळी एक एस.टी. जायची, संध्याकाळी एक परतायची. मधल्या वेळात रस्ता बैलगाड्यांचा, मिठाच्या पाट्या घेतलेल्या बायकांचा आणि बगळ्यांचा. रंभा उलव्याची. बाप बुधाजी मिठागरावर राबायचा. आई लहानपणीच गेलेली. थोरला भाऊ महादेव मुंबईला गोदीत लागला तेव्हा त्याची सायकल घरी पडून राहिली. रंभा सातवीची फायनल पास झाली, गव्हाणपलीकडच्या एका वाडीत चौथीपर्यंतच्या शाळेवर मास्तरीण म्हणून लागली आणि रोजची तंगडतोड नको म्हणून ती सायकल शिकली. लोक आधी हसले. मग तिला 'सायकलवाली' म्हणू लागले. तिला त्याचं काही वाटत नसे.

चिखलात पडलेला तो कमळाकर. पनवेलच्या भातगिरणीवाल्या भगवानशेटचा मुलगा. घराणं रंभाच्याच जातीतलं, पण बापाच्या पिढीपासून शहराकडे वळलेलं. मुंबईला कॉलेजात असताना त्याला सायकलवरून गावोगाव हिंडायचा नाद लागला. पुण्याच्या रस्त्यावर लॉऱ्यांचा धुरळा, म्हणून हा नकाशात बघून आडरस्ते शोधायचा, जिथे मोटार नाही, भोंगा नाही, स्वतःच्या चाकांची सरसर तेवढी ऐकू येते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा त्याच वळणावर होता. या वेळी रस्त्याच्या कडेला.

"आज कागद नाय?" रंभाने विचारलं.

"नकाशात सगळे रस्ते आहेत... पण तू कुठे राहतेस ते नव्हतं."

रंभाचे कान तापले. "मना काम हाय," ती म्हणाली. काम काहीच नव्हतं.

मग सगळा हिवाळा त्यांनी असा काढला. ते चिरनेरला गेले, आपट्याला गेले, कर्नाळ्याच्या पायथ्याशी आंब्याखाली बसून भाकरी-सुकट खाल्ली. चढ आला की तो धापा टाकायचा आणि ती मुद्दाम पुढे जाऊन थांबायची. पहाटेच्या धुक्यात दोघांच्या सायकली शेजारी शेजारी चालायच्या. बोलणं थांबलं, की कुठेतरी टिटवी ओरडायची. रंभा शाळेत पुस्तकातलं बोलायची, पण त्याच्याशी घरचंच बोलायची. एकदा तिने सुधारून "आहे" म्हटलं, तर तो म्हणाला, "नको. मी तुझं 'हाय' ऐकायला एवढा लांब येतो."

"निसतं तेवढंच ऐकायला?"

"तेवढंच... आणि बाकीचं बघायला."

गावात कुजबुज व्हायची ती झालीच. बुधाजीने एक दिवस जेवताना विचारलं, "पोरी, तो लगीन करतो बोलला का? का निसताच सायकल चालवतो?"

रंभा ताटाकडे बघत राहिली. आपणही हाच प्रश्न मनाला विचारायचं टाळत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

उत्तर मिळालं ते करंज्याला. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, किनाऱ्यावर माशांच्या लिलावाचा गलका चालला होता, बांबूंच्या वलांडीवर टांगलेले बोंबील वाळत होते आणि त्यांचा उग्र वास वाऱ्यावर पसरला होता. कमळाकर धक्क्याच्या टोकाशी उभा होता. तो म्हणाला, "इथे रस्ता संपतो."

"मंग परत फिरायचं."

"परत फिरल्यावर तू उलव्याला उतरतेस. मला ते... मला ते नकोय, रंभा. मला तू घरी हवी आहेस."

असल्या वासात कुणी असलं बोलतं का! रंभा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती एवढंच म्हणाली, "आईला सांगा तुमच्या."

त्याने सांगितलं. आठवड्याने बुधाजी आणि रंभा पनवेलला भगवानशेटच्या घरी गेले. कमळाकरची आई गुणाबाई वाईट बाई नव्हती. तिने रंभाला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला.

"मुलगी मला पसंत आहे," ती सावकाश, जपून शहरी बोलत म्हणाली. "पण एक सांगते. मी डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्यात. या गावात लोक मला 'बाई' म्हणायला लागले, त्याला काय काय सोसावं लागलं ते माझं मला ठाऊक. हिला सगळे सायकलवाली म्हणतात. ते नाव विसरू दे लोकांना. वर्षभर सायकल नको, शाळा नको. पाचवारी नेसायची सवय करू दे, बोलणं सुधारू दे. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर मी स्वतः अक्षता टाकते."

रंभाने कमळाकरकडे पाहिलं. तो आता काहीतरी बोलेल, नक्की बोलेल... तो हातातल्या कपात बघत होता. मग मान वर करून म्हणाला, "एका वर्षाचाच तर प्रश्न आहे, रंभा."

रंभाने होकार दिला. प्रेम म्हणजे थोडं सोसणं, असं तिने ऐकलं होतं, आणि कमळाकरसाठी सोसायला तिला आवडलंही. तिने शाळा सोडली. महादेव सणाला आला तेव्हा सायकल मुंबईला घेऊन गेला. निघताना तो म्हणाला, "बाय, नक्की ना?" ती "नक्की" म्हणाली आणि सायकल दिसेनाशी होण्याआधीच घरात शिरली. पाचवारी नेसल्यावर पाऊल आखूड पडू लागलं. आरशापुढे उभी राहून ती "आहे, नाही, मला, तुला" असं पुटपुटायची. आपणच आपल्याला शाळेत घातल्यासारखं वाटायचं.

कमळाकर रविवारी यायचा. आता लग्न ठरलेला जावई म्हणून ओट्यावर पाटावर बसायचा. पावसाळा लागला होता. पागोळ्या गळायच्या, समोरची खाचरं भरायची, आणि दोघांमध्ये चहाचे कप असायचे.

"बरं आहे ना?"

"बरं आहे."

"पाऊस फार आहे."

"हो."

एकदा तो हळूच म्हणाला, "तू 'हाय' म्हण ना..."

"आईंनी नको सांगितलंय."

"आई इथे नाही."

"सवय मोडते," रंभा म्हणाली. तिला वाटलं, तो खूश होईल. तो पागोळ्यांकडे बघत राहिला.

मग एक रविवार चुकला. गिरणीत काम होतं म्हणे. नंतर आणखी एक चुकला. पाऊस सरला, भातं पिवळी पडू लागली, आणि एका सकाळी रंभा मावशीकडे जासईला चालत निघाली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. मागून सायकलींची सरसर ऐकू आली आणि ती जागच्या जागी थांबली. ती सरसर तिने झोपेतही ओळखली असती. चारपाच जणांचा घोळका जवळून गेला. सगळ्यात पुढे कमळाकर होता. मान मागे टाकून तो हसत होता... मोकळा, मोठ्यांदा. ओट्यावर ते हसणं तिने कधी ऐकलं नव्हतं. त्याची नजर तिच्यावरून गेली आणि पुढच्या वळणाकडे वळली.

त्या आठवड्यात तो आला, तेव्हा बुधाजी मिठागराचे बांध घालायला गेला होता. रंभाने चहा ठेवला नाही.

"जासईच्या वळणावर मी होते," ती म्हणाली.

"कुठे? मी पाहिलं नाही तुला."

"पाहिलंत. ओळखलं नाहीत."

तो गोरामोरा झाला. "मला वाटलं... गावातली कुणी बाई."

"मी गावातलीच बाई आहे."

 मग तो म्हणाला, "खरं सांगू? मी इथे येतो, तुझ्यासमोर बसतो, आणि मला कळत नाही, ती कुठे गेली. धुक्यात पुढे जाऊन थांबायची ती."

"ती मी तुमच्या आईंना देऊन टाकली. तुम्ही कपात बघत होता तेव्हा."

"ते आईचं म्हणणं होतं, रंभा. मी कधी सांगितलं तुला, सायकल सोड म्हणून?"

"सोडू नको, असंही नाही सांगितलंत."

 तो उठून उभा राहिला, सदरा नीट केला. "हे बघ, लग्न होईल. मी शब्द दिलाय. शब्द मोडणारा माणूस नाही मी."

तो काय म्हणेल याची कितीतरी वाक्यं रंभाने गेले काही दिवस मनात मांडली होती. हे एक वाक्य त्यात नव्हतं. तो रागावला असता, रडला असता, चल आत्ता पळून जाऊ म्हणाला असता, तरी ती विरघळली असती. पण तो तर नुसता तयार होता.

"तुमच्या शब्दाबरोबर मी संसार कसा करू?" ती म्हणाली. "जा तुम्ही."

"रंभा..."

"जा. मी मोकळं केलं तुम्हाला."

तो घुटमळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते असं, "आईला काय सांगू?"

"सांगा, पोरगी सुधारली नाही."

तो सायकल हातात धरून, खाली मान घालून चालत गेला. रंभा खांबाला टेकून बघत होती. रस्त्याला लागल्यावर तो सायकलवर बसला. पहिली काही पायडलं जड पडली. मग त्याचे खांदे सैल झाले आणि सायकलीने वेग घेतला. पेपर अवघड गेला तरी परीक्षा संपल्यावर मुलं अशीच घराकडे निघतात, मास्तरणीने ते कितीदा तरी पाहिलं होतं. तो सुटला होता. त्याला स्वतःला ते अजून कळलं नसेल, पण तिला कळलं.

बुधाजी दुपारी घरी आला. पाय ढोपरापर्यंत चिखलाने माखलेले. चूल थंड होती आणि पोरगी जमिनीवर बसून होती.

"काय झाला? शेटाचा पोरगा आल्ता?"

"आल्ता."

"मंग?"

"लगीन नाय व्हायचं, बाबा."

बुधाजीचा चेहरा लाल झाला. हातातलं फावडं त्याने भिंतीवर आपटलं. "नाय बोलला तो? मी जातो त्याच्या बापाकडं. पंचांना नेतो. पोरीचं वरीस घालवलं, शाला सोडवली..."

"तो 'नाय' बोलला नाय. तो तयार हाय. मीच नको बोलले."

बुधाजीला उमगेना. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मिठागरावर उभा जन्म काढलेला माणूस. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"तूच नको बोललीस," तो हळू आवाजात म्हणाला, "मंग रडतेस कशाला, पोरी?"

रंभाने तोंड उघडलं. पण त्याला समजेल असं काही तिला सांगता येईना.