नवसाचं जहाज

पाहुणघराच्या मालकीण गुद्रुनबाईंनी कॉफीची किटली टेबलावर ठेवली आणि चक्क खुर्ची ओढून बसल्या. चार दिवसांत त्या पाहुण्यांच्या टेबलाशी एकदाही बसल्या नव्हत्या.

"आज तरी बोट सुटेल का हो?" अक्सेलने विचारलं.

"वारा पडल्याशिवाय नाही. सोमवारपासून स्कारो बेटावर कोणी आलं नाही की इथून कोणी गेलं नाही." मग त्या थीराकडे वळल्या. "तुम्ही चोऱ्या शोधता ना? माझ्या भावाला वाचवा."

थीरा क्विस्टगोरने डोळे मिटले. जन्मभर ती लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधत आली होती, आणि या बेटावर ती काहीही न शोधायला आली होती. सोबत अक्सेल, तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा. तो निवृत्त दंतवैद्य होता आणि दात सोडून त्याला काहीच पटकन दिसत नसे. वाळूच्या टेकड्यांतलं जुनं चर्च बघून झालं होतं, गुडघे बोलू लागले होते, आणि निघायच्या दिवशीच वादळाने गाठलं होतं.

"सांगा," ती म्हणाली.

"चर्चच्या छताला टांगलेलं छोटं लाकडी जहाज रविवारी तुम्ही पाहिलंत ना? वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेलं, नवसाचं. काल सकाळी तिथे नुसती दोरी लोंबत होती आणि कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक माझ्या मोगेन्सकडे, कारण घंटा तो वाजवतो. दुसरी चर्चच्या मंडळाच्या अध्यक्षा सोल्वाइगकडे. आज दुपारी मंडळ बसतंय. मोगेन्सची किल्ली काढून घेतील, आणि किल्लीबरोबर चर्चचं घरही. या वयात तो जाईल कुठे?"

"सोल्वाइगवर संशय का नाही?"

"ते जहाज एकट्याने उतरत नाही. एकाने शिडीवर चढून धरायचं, दुसऱ्याने खालून दोरी सोडायची. सोल्वाइग पडली एकटी. तिचा नवरा एर्लिंग ऑगस्टपासून नॉर्वेकडे तेलाच्या जहाजावर आहे, नाताळशिवाय यायचा नाही. लोक म्हणतात, मोगेन्सने प्रेबेनला हाताशी धरलं. तो जुन्या वस्तूंचा दुकानदार. त्याचा जहाजावर डोळा होताच."

"चोर सोडून संन्याशाला सुळी," अक्सेल कोट चढवत पुटपुटला. त्याची नजर खिडकीकडे गेली. चिनी मातीची दोन पांढरी कुत्री खोलीकडे पाठ करून रस्ता बघत बसली होती. "ही का रुसलीयत आमच्यावर?"

"खलाशाच्या घरातली कुत्री ती. नवरा समुद्रावर गेला की बाहेर बघतात, घरी आला की आत. बेटावर सगळ्यांकडे असतात." गुद्रुनबाईंनी कप गोळा केले. "माझी अकरा वर्षं बाहेर बघतायत."

अक्सेलने उगाचच टोपी शोधायला घेतली. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.

मोगेन्स चर्चच्या आवारातली वाऱ्याने आलेली वाळू डाव्या हाताने ओढत होता. वारा ती पुन्हा आणून टाकत होता.

"मी चोरलं असतं ना बाई, तर दोरी नीट गुंडाळून तरी ठेवली असती," तो म्हणाला. "असं लोंबकळत टाकून जातं का कोणी?"

"उजवा हात दुखतो?"

"खांद्याच्या वर जातच नाही."

"आणि घंटा कशी वाजवता?" अक्सेलने पकडलंच.

"घंटेची दोरी खाली ओढायची असते, डॉक्टर."

प्रेबेन दुकानात शेगडीपाशी बसला होता. त्याच्या अंगाखाली खुर्ची दिसत नव्हती.

"हवं होतं मला ते! चारचौघांत मागितलं होतं. म्हणून तर माझ्यावर आलं. मी शिडीवर चढलो तर आधी शिडी देवाघरी जाईल आणि मागोमाग मी. विचारा कोणालाही, माझ्या माळ्यावरचं सामान शेजारीण काढून देते."

बाहेर आल्यावर अक्सेल म्हणाला, "म्हणजे दोघंही खोटं बोलतायत."

"की दोघंही खरं बोलतायत?" थीराने गुडघा चोळला. "चल. अजून एक कॉफी नशिबात आहे."

सोल्वाइगचं घर गल्लीतलं शेवटचं. पुढे नुसत्या टेकड्या आणि समुद्र. लोक मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने येत. तिने दोघांना समुद्राकडच्या खोलीत बसवलं, दालचिनीचे गोड पाव पुढे केले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मला का आनंद आहे यात? माझ्या लग्नात मोगेन्सनेच घंटा वाजवली. पण मंडळापुढे काही पर्याय नाही."

"एर्लिंगना कळवलंत?"

"जहाजावर फोन लागतोच असं नाही."

अक्सेलने पाव तोंडाशी नेला आणि थांबला. "तुमच्या कुत्र्यांना आवरा बाई. मघापासून माझ्या घासावर टपलीयत. मेली दृष्ट लागायची."

सोल्वाइग हसली. जरा उशिरा हसली.

"जाता जाता जर्मनांचा बंकर बघू म्हणतो," थीरा म्हणाली. "तो तुम्हीच दाखवता ना?"

"सध्या बंद आहे. आत गुडघाभर पाणी साचलंय."

तरीही थीरा चढली. वाळू दोन पावलं वर घेई, एक पाऊल खाली आणी. अक्सेल मागून धापा टाकत होता. "मेल्यांनी नेमका सगळ्यात उंच टेकडीवर बांधलाय! पायथ्याशी काय झालं होतं?"

बंकरच्या गंजलेल्या दाराला कोरं, चकचकीत कुलूप होतं. थीरा त्याच्याकडे बघून वळली आणि खाली सोल्वाइगच्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय दिसतंय?"

"कुत्र्यांची तोंडं," ती म्हणाली. तिला हे दिसायला नको होतं, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

दुपारी पाद्रीबुवांच्या दिवाणखान्यात मंडळ जमलं. मोगेन्सने कोणी मागायच्या आधीच किल्ली टेबलावर ठेवली होती. गुद्रुनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सोल्वाइगने किल्लीकडे हात नेला.

"थांबा," थीरा म्हणाली. "जहाज उतरवायला एक माणूस शिडीवर लागतो. मोगेन्सचा हात वर जात नाही, प्रेबेनला शिडी पेलत नाही. मग या जोडीतलं वर चढलं कोण?"

तिने टेबलावरच्या किल्लीकडे बोट दाखवलं.

"किल्ली असलेलं दुसरं माणूस एकच. सोल्वाइग. तिला सोबत नव्हती, म्हणून ती सुटली. पण सकाळी तिच्या खिडकीतली कुत्री अक्सेलच्या पावाकडे बघत होती. म्हणजे आत."

गुद्रुनबाईंचा हात तोंडावर गेला. बेटावरच्या माणसांना पुढचं सांगायची गरज नव्हती. अक्सेलला होती.

"म्हणजे नवरा घरी?"

"घरी. आम्ही गेल्यावर टेकडीवरून बघते तर तीच कुत्री बाहेर बघतायत. तो खरंच नॉर्वेला असता, तर कुत्री आत वळायलाच नको होती. आणि सकाळनंतर निघून गेला म्हणावं, तर बोट बंद आहे. तुझ्या थट्टेने तिला चूक कळली, अक्सेल, आणि तिने ती झाकली. बोट नाही म्हणजे जहाजही बेटावरच. बंकरमध्ये पाणी साचलंय म्हणे. सगळ्यात उंच टेकडीच्या माथ्यावर पाणी साचतं होय? आणि नुसत्या पाण्यावर कोणी कोरं कुलूप घालत नाही."

सोल्वाइगने पदराआड लपावं तसा शालीत चेहरा घेतला. बोलली तेव्हा आवाज मात्र शांत होता.

"जहाजावर त्याच्या शेजारी उभा असलेला पोरगा लाटेने नेला. त्या दिवसापासून एर्लिंगला पाणी बघवत नाही. गुपचूप आला, कोणी आलं की आतल्या खोलीत पडदे ओढून बसतो. इथे पाणी न बघता जगायचं कुठे? तिकडे मुख्य भूमीवर जहाजाला गिऱ्हाईक मिळालं होतं. आत कुठेतरी, समुद्रापासून लांब घर घेणार होतो."

"आणि मी?" मोगेन्सने विचारलं. रागाने नाही. दमलेल्या माणसासारखं.

"तुझा विचार मी केलाच नाही, मोगेन्स. केला असता तर जहाजाला हात लावला नसता."

"पण कुत्री कशाला वळवलीत?" अक्सेलला राहवेना. "कोणीतरी बघेल हे कळलं नाही?"

"तो दारात आला आणि माझा हात आपसूक गेला. आईचाही असाच जायचा. नंतर कळलं. पण पुन्हा बाहेर वळवायला हात धजेना. वाटलं, वळवली की हा परत जाईल." ती आता रडू लागली. "आज वळवली मी."

पाद्रीबुवा खाकरले. मुख्य भूमीवरच्या पोलिसांचं नाव निघालं. मोगेन्सने टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली.

"पोलीस बोटीने येतील तेव्हा येतील. त्याआधी ज्यांनी उतरवलं, त्यांनीच वर चढवावं. दोरी मी सोडवून ठेवतो."

सगळे शेवटच्या घरी गेले. समुद्राकडच्या खोलीत एर्लिंग खिडकीकडे पाठ करून बसला होता. मोठा, रुंद माणूस, हात मांडीवर टाकलेले. इतकी माणसं बघून तो दचकला नाही.

खिडकीतली कुत्री पुन्हा आत बघत होती.

सोल्वाइग दारातच थांबली. "मी तर ती..."

"बाहेर बघत होती," एर्लिंग म्हणाला. "मी वळवली. मी घरीच आहे ना."