तिसऱ्या खुर्चीचं गिऱ्हाईक

सलून उघडून आठवडाही झाला नव्हता. मी आणि माझी नणंद, दोघींनी हौसेनं थाटलेलं. खुर्च्या तीन, कारागीर दोन. तिसरीवर कुणी बसलंच नव्हतं.

त्या दिवशी हवा इतकी कोरडी की कंगवा लावताच केस ताठ उभे राहायचे. नणंद म्हणायची, "बघ वहिनी, तुझा हात लागला की लोकांच्या अंगावर काटा येतो!"

दुपारी शाळेतले विज्ञानाचे मास्तर आले. गळ्याभोवतीच्या नायलॉनच्या कापडाला कापलेले केस चिकटून बसले, झटकले तरी हलेनात. मास्तर खुलले. कंगवा स्वेटरवर घासून त्यांनी नळाच्या बारीक धारेजवळ धरला. धार चक्क वाकली.

"घासलं की विद्युतभार येतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध ओढतात. आणि ज्याच्यावर भारच नाही, तेही ओढलं जातं."

"म्हणजे आमचे हे," नणंद म्हणाली. "कुणीही हाक मारली की निघाले!"

आम्ही हसत होतो, तेवढ्यात फरशीवरचे केस सरकायला लागले. पंखा बंद, दार बंद. केस तिसऱ्या खुर्चीकडे गेले आणि तिच्या पायावरून वर चढले.

"खुर्चीवर भार साचलाय," मास्तर म्हणाले. "ओलं फडकं फिरवा. जमिनीत उतरेल."

मी फडकं फिरवलं. केस गळून पडले. हुश्श केलं.

ते पुन्हा उठले. या वेळी खुर्चीला चिकटले नाहीत. पाठीच्या वर, हवेत, दाटत गेले. आधी मानेचा खळगा. मग कानामागचा उतार.

मास्तर पुटपुटले, "ओढायला तिथे काहीतरी असावं लागतं..." आणि उठायला लागले.

ते असे पळाले असते तर संध्याकाळपर्यंत बाजारभर बोभाटा झाला असता. मग कोण येणार होतं आमच्याकडे?

नणंदेनं कात्री उचलली.

"काका, फार ताटकळलात हं," ती तिसऱ्या खुर्चीकडे बघत म्हणाली. आवाज कापरा, पण हसरा.

तिनं त्या खुर्चीवरच्या हवेला कापड पांघरवलं. ते खाली पडलं नाही.

मास्तर परत बसले.

कच, कच. कात्री फिरेल तिथले केस झडत होते. शेवटी तिनं सवयीनं मागे छोटा आरसा धरला. "ठीक आहे ना?"

केसांची मान डावीकडे वळली. मग उजवीकडे.

मग ती मान पुढे झुकली, मानेवरून वस्तरा फिरवून घेताना गिऱ्हाईक झुकतं तशी.