पुढे ये

लवू गावडेला आपल्या पायांचा भारी गर्व, आणि खोटं कशाला बोला, तो त्याला शोभायचाही. मुलुंडच्या एका कारखान्यात तीन वर्षं हंगामी टर्नर. चौऱ्याऐंशी सालच्या मुलुंड-इगतपुरी सायकल शर्यतीत कारखान्यातला जो हंगामी पहिला येईल त्याला कायम करू, असा साहेबांनी शब्द दिला होता. जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर, मध्ये कसाऱ्याचा घाट. पहाटे निघताना लवूनं बायकोला, प्रेमाला, सांगून टाकलं की कायम झाल्याचं पत्र हातात आलंच समज.

सोबत घाटकोपरचा अंबादास, शेजारच्या मशीनवरचा. दोघांची रीत ठरलेली. किलोमीटरचा दगड आला की पुढच्यानं बाजूला सरकून "पुढे ये" म्हणायचं. मग मागच्यानं पुढे होऊन वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्यानं त्याच्या चाकामागे विसावा घ्यायचा. शेवटच्या दोन किलोमीटरला मात्र कोण कुणाचा नाही.

घाटाच्या पायथ्याशी अंबादासचं चाक बसलं. त्यानं हातानंच जा म्हटलं. बाकीचे केव्हाच मागे पडले होते. लवू एकटा चढाला लागला. वरून वारा असा उतरत होता की सायकल उभीच राहावी. दगड आला. सवयीचा गुलाम माणूस, लवू बाजूला सरकला आणि म्हणाला, "पुढे ये."

स्वतःशीच हसला. येडा झालास काय रे?

आणि वारा थांबला.

कडेचं गवत आडवं होत होतं. समोरून आलेल्या ट्रकची ताडपत्री फडफडत होती. लवूचा शर्ट तेवढा गप्प. पायडल हलकं झालं होतं, अंबादासच्या चाकामागे लागल्यावर व्हायचं तसं. पुढे रस्ता मोकळा.

लवू घाबरला, पण थांबला नाही. फुकटचा आडोसा कोण सोडतो? इगतपुरीला शिक्का मारणाऱ्या माणसानं कार्डासाठी हात पसरला तो लवूच्या चार हात पुढे, रिकाम्या जागी. मग गोंधळून तो लवूकडे वळला.

परतीचा उतार संपला, शहापूर गेलं, भर दुपारी ठाणं आलं. शेवटचे दोन किलोमीटर.

"बस झालं," लवू मोठ्यानं म्हणाला. "आता मी पुढे होतो."

त्यानं जीव खाऊन पाय मारले. छाती फुटायला आली.

वारा लागेना.

मुलुंडच्या चेकनाक्यावर, शर्यत संपायच्या जागी, लाल फीत ताणलेली होती. लवू चार हात अलीकडे असतानाच ती तुटली. लोकांनी टाळ्या पिटल्या. पंचांनी पहिला नंबर लवूचा लिहिला.

मार्चमध्ये पत्र मिळालं. साहेबांनी मशीन बदलून दिलं, मोठ्या पंख्याच्या अगदी समोरचं. आजूबाजूचे कामगार उडणारे कागद नटबोल्टखाली दाबून ठेवत होते. कपाळावरून घाम ओघळत असलेल्या लवूनं पंखा चालू करायला सांगितलं, तेव्हा सगळे त्याच्याकडे बघायला लागले.