बिनतातेचं पिंजण

मायक्रोफोनच्या फोमवर कापसाचा एकच तंतू होता, अठ्ठावीस मिलिमीटर लांब. दिग्रसमध्ये कापूस कुठंही उडतो, म्हणून मी तो काढून टाकला. पण जैबुनबींकडून परतल्यावर दर वेळी एक सापडे, आणि फक्त सुरभीच्या माइकवर.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघी पिंजारी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत होतो. मी भौतिकशास्त्राची, म्हणून मशीन माझ्याकडे. बोलायचं सुरभीनं. त्यांतल्या जैबुनबी तिला स्वतः पान लावून देत. मला म्हणत, "तू बी घे वं, मशीनवाली."

त्यांच्या भिंतीवर नवऱ्याचं, कादरभाईंचं, पिंजण टांगलेलं होतं. कापूस पिंजायचं, माणसाएवढं लांब, धनुष्यासारखं लाकूड, पण आतड्याची तात नसलेलं. त्या घरची रीत अशी, की पिंजारी गेला की तात उतरवायची. पुढं त्यावर पिंजायला कोण बसणार, हे त्याच्या बायकोनं तोंडानं सांगायचं. मगच तात परत चढायची. कादरभाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"दादी, मलाच द्या ना, मी शिकते," सुरभी हसत म्हणायची.

"पाहू, बेटा."

तिला 'पाहू' तरी मिळत होतं.

मार्चमध्ये मी सगळी रेकॉर्डिंग ऐकली. सुरभीच्या माइकवर, बोलण्याच्या मागे, तात छेडल्याचा आवाज होता. आधी आठ सेकंदांनी एक. पुढच्या भेटीत सहा सेकंदांनी. मग चार. हातभर अंतरावरचा माझा माइक स्वच्छ. मी माइकांची अदलाबदल केली. आवाज सुरभीबरोबर गेला.

मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, हेसुद्धा तिलाच.

गुरुवारची भेट तीनला होती. मी सुरभीला पाच सांगितले.

पिंजणाखालच्या तिच्या जागेवर मी जाऊन बसले.

"तिथी नोको बसू," जैबुनबी म्हणाल्या. "सुरभी कुठी हाय?"

"ती नाही येत. पिंजण मला द्या. मी शिकीन."

त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. "समजून बोलून राह्यली ना?"

"हो."

मी हेडफोन लावले. टण्ण. दोन सेकंद. टण्ण. एक.

माझ्या बाहीवर कापूस उतरत होता.

मी वर पाहिलं नाही.

जैबुनबींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. माझ्या डोक्याच्या वर पाहत त्या हळू म्हणाल्या, "आयकता का जी? त्या पोरीचा नाद सोडा आता. पिंजणावर हे बसन."